अनशापोटी

पेंडीच्या दुकानात पोती तोलायचा मोठा काटा असतोय. दर सोमवारी म्हशींची पेंड आणायला गेलो की मी त्या काट्यावर चढतो. औषधाच्या दुकानात बी काटा हाय, पण तो रस्त्याकडं तोंड करून ठेवलाय, येणारा-जाणारा आकडा बगतोय. पेंडवाले मामा म्हातारे हायत. ते आकडा बारीक आवाजात सांगत्यात आणि लगेच दुसरीकडं बगत्यात.

त्या सोमवारी म्हणले, "चौऱ्याऐंशी."

मागच्या सोमवारी त्र्याऐंशी होतं. मी चपला काढल्या, हातातली पिशवी खाली ठेवली, परत चढलो.

"पोरी, चपलांनी काय व्हतंय?" मामा म्हणले.

आमच्या कोल्हापुरात बायका बी येतो-जातो असंच म्हणत्यात, तसंच इथं लिवलंय. मला दुसरं येत न्हाय. शाळा नववीतच सुटली. आई गेली आणि भाकरी करायला घरात कुणी ऱ्हायलं न्हाय, म्हणून सुटली.

आईचं आधी सांगतो, कारण माझं सगळं भ्या तिथनंच सुरू हुतंय. माझं माहेर राधानगरीकडं. आई अंगानं लई जाड होती. खायची काय म्हणाल तर सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं. दिवसभर शेतात वाकून काम, तरी अंग वाढतच होतं. चालताना तिचा दम आधी ऐकू यायचा, मग ती दिसायची. भाताची लावण चालू होती तवा ती बांधावर बसली, मला म्हणली, "जरा पाणी आण." मी पाणी घेऊन आलो तर बायका गोळा झालत्या. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. कशानं गेली ते कुणी सांगितलं न्हाय. बायका म्हणल्या, "अंगानं गेली. लई अंग सुटलं होतं." तेवढंच मला म्हायती. लग्न होऊन येताना तिची सुयांची बाटली तेवढी मी संगं आणली. गोळ्यांची रिकामी बाटली हाय ती, पांढरी, तिच्यात ती गोधडीच्या सुया ठेवायची. मी बी ठेवतो.

लग्नात मी अठ्ठावन्न किलो होतो. पोरगी झाली, बाळंतपणात डिंकाचे लाडू, अळीव, तूप सगळं झालं, अंग भरलं. सगळी म्हणली, उतरतंय की, अंगावर पाजतीस न्हवं. पोरगी दोन वर्साची झाली, पाजायचं सुटलं, अंग काय उतरलं न्हाय, चढतच गेलं. मी भात सोडला, साखर सोडली. रविवारी घरात मटण शिजलं की मी वाटीभर पांढरा रस्सा पिऊन उठायचो. दुपारी एक भाकरी, पालेभाजी, काकडी. सांजला नुसती आमटी. सकाळी पोरगी उठायच्या आत रंकाळा तळ्याला एक पुरी फेरी. पहिल्या पहिल्यांदा मधी चारदा बसायचो, मग दोनदा. तिथं बायका गप्पा हाणत गजरं माळून चालत्यात, माझ्या तोंडातनं शब्द निघायचा न्हाय. शेजारची काकू एकदा दारातनंच वरडली, "काय गं, एवढं चालतीस आणि तशीच! घरात जाऊन काय चोरून हाणतीस का?" आजूबाजूची सगळी हसली. मी बी हसलो. घरात येऊन भांड्यांच्या आवाजात रडलो.

मालक म्हणजी माझा नवरा, वाईट न्हाईत. कारखान्यात लेथवर असत्यात, दमून येत्यात. एकदा म्हणले, "माझा शर्ट तुला बसंल गं आता." चेष्टाच होती ती. पण त्यानंतर मी त्यांचे शर्ट वाळत घालताना अंगाला लावून बगायचो.

मला भ्या माझ्या दिसण्याचं न्हवतंच. जिना चढलो की छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं व्हायचं आणि मला तो बांध दिसायचा. पोरगी दोन वर्साची. आई गेली तवा मी तर नववीत होतो, मला भाकरी तरी येत होती. हिला अजून चड्डी घालता येत न्हाय.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पुण्याकडच्या. रक्त तपासलं आणि म्हणल्या, थायरॉईड आहे. "ही गोळी रोज सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी. चुकवायची नाही."

मी म्हणलं, "चुकवत न्हाय."

घरी येऊन आत्तींना सांगितलं. आत्ती म्हणजी माझी सासू. त्या म्हणल्या, "रिकाम्या पोटी म्हंजी अनशापोटी. कळलं मला. पण नुसत्या पाण्यासंगं घेऊ नकोस, गोळी गरम पडती. आतडं जळतंय."

आमच्या दारात दोन म्हशी. आत्ती पहाटं धार काढत्यात. दुसऱ्या दिवशी धार काढून त्या तशाच आल्या, हाताला दुधाचा वास, हातात अर्धा पेला. वर फेस.

"आत्ती, दुधानं वजन वाढंल की."

"गप. औषधाचं दूध अंगाला लागत न्हाय. अर्धा पेला तर हाय."

खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. आई गेल्यापासनं मला कुणी सकाळचं हातात काय आणून दिलं न्हवतं. सगळ्यांच्या हातात मीच द्यायचो. आत्ती समोर उभ्या ऱ्हायच्या, मी गोळी जिभेवर ठेवायचो, वर दूध. पेला रिकामा झाला की त्या म्हणायच्या, "झालं. जा आता, तुझ्या तळ्याला पळ." एक दिवस चुकला न्हाय. त्यांना ताप होता तवा बी न्हाय.

सहा महिने असं चाललं. आणि काटा चौऱ्याऐंशी.

मग ते पोरगीचं झालं. सकाळी म्हशी सोडायची येळ, गल्लीत गर्दी. मी पोरगीला पायरीवर बसवून केस विंचरत होतो. तिला समोर कुत्र्याचं पिल्लू दिसलं, ती उठली आणि पळाली. मी बी उठलो. चार पावलं टाकली आणि दम गेला. तोंड उघडं, आवाजच येईना. ती पुढं पुढं, वरच्या अंगानं म्हशी येत होत्या, आणि मी भिंतीला हात लावून उभा. एवढंसं अंतर होतं, आमच्या दारापासनं काकूच्या दारापर्यंत. कोण कुठला एक माणूस सायकलवरनं उतरला, त्यानं तिला बकोटीला धरून उचललं आणि माझ्याकडं आणून दिलं.

"ओ वैनी, लेकराकडं बगा की! उभ्या उभ्या काय बगताय?"

मला सांगताच आलं न्हाय की मी बगत न्हवतो, पळत होतो.

आत्तींनी दारातनं सगळं बगितलं होतं. त्यांनी साडी बदलली, पोरगीला कडेवर घेतलं आणि म्हणल्या, "चल. आज त्या डॉक्टरणीला मी इचारतो."

दवाखान्यात परत रक्त घेतलं. रिपोर्ट आला तवा डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. जुना कागद बाजूला ठेवून बगितलं.

"काही फरकच नाही. उलट थोडं वाढलंय. गोळी खरंच घेतेस ना?"

"रोज घेतो."

"खरं सांग. रागावणार नाही मी."

तवा मला रडूच आलं. सगळी तेच म्हणत होती, चोरून खाती, आता ह्या बी म्हणत्यात गोळी खात न्हाय. आत्ती पुढं सरकल्या.

"अवो बाई, ती कशाला खोटं बोलंल? म्या सोताच्या हातानं देतो की. अनशापोटी. आमच्या घरच्या म्हशीच्या दुधासंगं, आताच्या आता काढलेल्या."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"दुधासंगं?"

"व्हय. धारोष्ण."

"आजी, मी रिकाम्या पोटी सांगितलं होतं."

"मग रिकाम्याच की! त्याच्या आधी पोटात अन्नाचा कण न्हाय तिच्या."

"दूध असतं ना पण."

आत्ती हसल्या. बारक्या पोराला समजवावं तसं म्हणल्या, "दूध म्हंजी काय खाणं व्हय बाई? एकादशीला मी दिवसभर दुधावर असतो, माझा उपास मोडतोय का? उपासाला जे चालतंय ते अनशापोटी चालत न्हाय व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची आत्तींच्या जवळ ओढली. मग हळू समजावून सांगितलं. दुधानं ही गोळी अंगात नीट शिरत न्हाय. चहानं बी न्हाय. नुसतं पाणी, आणि त्यावर तासभर काय न्हाय, दूध तर त्याच्या बी नंतर. "सहा महिने गोळी निम्मीशिम्मी वाया गेली म्हणायची," त्या म्हणल्या. मी इचारलं, आता उतरंल का वजन? म्हणल्या, "सगळं त्यानंच वाढलंय असं नाही. हळूहळू बघू. दम लागतो त्यासाठी हृदयाची पण तपासणी करून घेऊ." हृदय म्हणल्यावर मला पुढचं काय ऐकू आलं न्हाय.

रिक्षात आत्ती रिपोर्टाच्या कागदाची घडी घालत, परत उलगडत बसल्या. एरवी रिक्षावाल्याला सुदिक गाव, पावणं-रावळं सगळं इचारणारी बाई. मी म्हणलं, "आत्ती, तुमाला काय म्हायती?" त्यांनी पोरगीला माझ्या मांडीवरनं आपल्या मांडीवर घेतलं आणि बाहीर बगत बसल्या. घरी उतरताना म्हणल्या, "मी तुझं बरंच करत होतो गं." मी म्हणलं, म्हायती हाय मला. पण त्यांच्या तोंडाकडं मला बगवलं न्हाय.

गोळ्यांची बाटली इतके दिवस आत्तींच्या कपाटात असायची, घरात आल्यावर ती माझ्या फळीवर ठेवायला गेलो. तिथंच आईची सुयांची बाटली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि हात तिथंच थांबला.

सारख्याच. तसलंच टोपण, तेवढीच उंची. आईच्या बाटलीवरचा कागद अर्धा खरवडून काढलाय, पण खाली थोडी अक्षरं शिल्लक हायत. मी बोटानं बाटलीवरची धूळ पुसून एक एक अक्षर लावून वाचलं. इंग्लिश मला अडखळत येतंय. नवीन बाटलीवरची पहिली चार अक्षरं आणि तिच्यावरची चार अक्षरं एकच होती. एवढी वर्सं मी तिच्यातनं सुई काढून फाटकं शिवत होतो.

आबांना फोन लावला. आबा म्हणजी वडील. गोठ्यातच होते, मागनं म्हस वरडत होती.

"आबा, आई सकाळी ती पांढरी गोळी घ्यायची बगा."

"कुठली गं?"

"बाटलीतली. बारकी."

"ती व्हय. घ्यायची की. का?"

"कशासंगं घ्यायची?"

"दुधासंगं. धार काढून आलो की मीच द्यायचो पेला. नुसती घेतली की तिला मळमळायचं. का गं, तुला बी दिलीया व्हय?"

मी फोन घेऊन तिथंच खाली बसलो. दम लागला म्हणून न्हाय.

"व्हय," मी म्हणलं.

"मग दूध चुकवू नकोस बग. तुझ्या आईचं मी एक दिवस चुकवलं न्हवतं."

"न्हाय आबा. चुकवत न्हाय."

आई त्यानंच गेली का, मला म्हायती न्हाय. डॉक्टरीणबाईंना इचारलं असतं तर म्हणल्या असत्या, असं सांगता येत नाही. पण आबांना हे मी कधी सांगणार न्हाय. आत्तींना बी त्या दोन बाटल्या दाखवल्या न्हाईत. सुया काढून काडेपेटीत ठेवल्या आणि आईची बाटली ट्रंकेत तळाला घातली.

आता सकाळी मी पाण्यासंगं गोळी घेतो आणि पायरीवर बसतो. आत्ती धार काढून आल्या की दूध सरळ आत नेत्यात, माझ्याकडं बगत न्हाईत. थोड्या येळानं आतनं हाक येती, "झाला का गं तास?" तासाचं ध्यान त्यांनीच ठेवलंय, घड्याळ कळत न्हाय तरी. मी सांगतो, न्हाय अजून.

परवाच्या सोमवारी मामा म्हणले, "चौऱ्याऐंशी." मी चपला काढल्या न्हाईत. छातीची तपासणी पुढच्या आठवड्यात हाय. तोवर पोरगीला गल्लीत नेताना मी तिचं मनगट धरतो, बोट न्हाय. बोट ती सोडवून घेती. तिला पळायचं असतंय. ती वडती, रडती, माझ्या हातावर मारती, आणि मी दम खात तिथंच उभा ऱ्हातो, पर मनगट सोडत न्हाय.