कडीला बांधलेला दुपट्टा

त्या दिवशी मला बायकोच्या थकव्याचा हेवा वाटला. बाकी जे घडलं ते त्यातूनच घडलं, म्हणून हे आधी सांगतो.

मी कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये काम करतो. लग्नाआधीपासून पाळ्यांची ड्यूटी सुरू आहे. आठवड्यातल्या काही रात्री स्क्रीनवरचे आकडे बघण्यात जातात आणि दिवसा घर माझ्या झोपेच्या तालावर चालतं. मिक्सर लागत नाही, टीव्ही मुका असतो, बायको भांडी ओट्यावर अलगद ठेवते. आमच्या कॉलनीत रिवाजच आहे. नाइट करून आलेला माणूस झोपला की दाराच्या कडीला दुपट्टा बांधायचा. तो दिसला की दूधवालासुद्धा दार वाजवत नाही. आमच्याकडे तो दुपट्टा नेहमी बायकोच बांधायची, आणि तो नेहमी माझ्यासाठीच असायचा. घरात थकायचा हक्क एकट्या माझा होता.

गेल्या हिवाळ्यात तिने कॉलनीतल्या चार बायकांबरोबर पायी चालायचं ठरवलं. सिकलसेल असलेल्या मुलांच्या औषधपाण्यासाठी निधी जमवायचा होता. तिच्या बहिणीच्या मुलीला तो आजार आहे, दुखणं उठलं की पोर गादीवर कशी गुंडाळी होऊन पडते ते आम्ही पाहिलंय. कोराडीहून निघून शहरातल्या एका मैदानापर्यंत जायचं. त्यांची पुढारी समोरच्या इमारतीतली, शाळेत पी.टी. शिकवणारी. तिला सगळे मॅडम म्हणतात. दोन महिने मॅडम रोज पहाटे खालून शिट्टी मारायची आणि बायको मुलीसारखी जिना उतरायची. मी नाइटहून परतताना त्या पाचजणी मला गेटवर भेटायच्या. बायको हात हलवायची, थांबायची नाही.

चालण्याच्या दिवशी मी रात्रपाळी संपवून, न झोपता, स्कूटर घेऊन तिला आणायला मैदानावर गेलो. आपण मोठं काम करतोय असं वाटत होतं. तिथे मंडपात बायको खुर्चीत बसलेली, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात पदक आणि पाय मॅडमच्या मांडीवर. मॅडम टाचेच्या फोडाला पट्टी लावत होती आणि दोघी कशावर तरी डोळ्यात पाणी येईपर्यंत हसत होत्या. मी जवळ गेल्यावर हसू थांबलं. कोणी थांबवलं नाही, आपोआप थांबलं. घरी मी गेलो की आवाज कमी होतात तसं.

"भाऊजी, नाइट करून सरळ इकडंच आले का?" मॅडम म्हणाली. "जा मग, झोपा आता. आम्ही दुपारी येतो तिच्याकडं."

स्कूटरवर मागून बायको म्हणाली, "ऐका ना, वाटेत मानकापूरच्या इकडं आज काय झालं माहीत आहे..."

"घरी चल आधी," मी म्हणालो.

घरी मी मिठाचं गरम पाणी केलं, तिचे पाय घमेल्यात ठेवले. पट्टी भिजून निघाली, फोडाला मीठ झोंबलं, तिने दात आवळले. "मॅडमनं भिजवू नको म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली. मला ते लागलं. ती पुन्हा मानकापूरचं सांगू लागली तेव्हा मी म्हणालो, "आधी झोप. मग सांगजो."

ती आतल्या खोलीत आडवी झाली. मी पडदे ओढले, खोलीचं दार लोटलं, तिचा फोन आवाज बंद करून स्वयंपाकघरात ठेवला आणि बाहेर जाऊन कडीला दुपट्टा बांधला. तिने माझ्यासाठी जे इतकी वर्षं केलं तेच मी करत होतो. तोपर्यंत तरी ते प्रेमच होतं असं मला वाटतं. खात्री नाही.

डोळे जळत होते, पण झोप येईना. मी बाहेरच्या खोलीत बसून होतो. दुपारी जिन्यावर चपला वाजल्या, मग दाराशी थांबल्या.

"दुपट्टा आहे वं. भाऊजी झोपून राहिले."

"हळू बोल. सांबारवडीचा डबा ठेवू का इथं?"

"मांजर खाऊन जाईन. राहू दे. फोनबी उचलत नाही ती. संध्याकाळी माझ्या घरी ये म्हणून मेसेज टाकते तिले." हा मॅडमचा आवाज होता.

दार माझ्यापासून दोन हातांवर होतं. उठून उघडायचं, एवढंच काम. मी श्वास रोखून बसलो. चपला खाली उतरत गेल्या आणि मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण बरं वाटलं.

चहाच्या वेळी बायको भिंत धरत बाहेर आली. "कोणी आलं होतं का?"

"नाही."

"येतो म्हणे सगळ्या." ती पायांकडे पाहत बसली. "दमल्या असन." मग माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्ही झोपलेच नाही का? माझ्यासाठी जागे राहिले?" आणि तिने माझ्या कपाळावर हात ठेवला.

तो हात मला सहन झाला नाही. मी सगळं सांगितलं. दुपट्टा, डबा, मॅडमचा निरोप, माझं गप्प बसणं.

तिने हात काढून घेतला. "काहून?"

"तू थकली होतीस."

"मी झोपली नाही," ती म्हणाली. "पंख्याकडं पाहत पडून होती. तुम्ही झोप म्हटलं म्हणून. बोलायचं होतं मले. तुमच्याशी, नाहीतर त्याइच्याशी." ती भिंत धरून उठली. "चला. तुम्हीच सांगा त्याइले."

एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर, अशी ती जिना उतरली. मीही रात्रभराचा जागा होतो, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मॅडमच्या घरी चौघी बसल्या होत्या.

"झाली का झोप, भाऊजी?"

"झोपलो नव्हतो," मी उभ्यानेच म्हणालो. "तुम्ही आल्या तेव्हा जागा होतो. ऐकलं सगळं. दार नाही उघडलं."

मॅडमने हातातला कप खाली ठेवला. मग एकजण म्हणाली, "म्हणजे भाऊजी, दारामागचं मांजर तुम्हीच." त्या हसल्या. मॅडम हसली नाही. तिने बायकोला पलंगावर बसवलं, तिच्या पाठीला उशी दिली आणि मला कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची दाखवली.

कोथिंबीर भरलेल्या त्या सांबारवड्या पुन्हा गरम झाल्या. बायको मानकापूरचं सांगू लागली. त्या चौघी तर सोबतच होत्या, तरी त्यांना तिच्याकडून ऐकायचं होतं. फोड फुटल्यावर ती दुभाजकावर बसली होती, परत जाते म्हणत होती. मग उठली आणि गाणं म्हणत चालू लागली. इतक्या मोठ्याने की कोळशाच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. "माझा आवाज इतका मोठा आहे हे मलेच माहीत नव्हतं," ती म्हणाली.

माझ्या घरात मी तिला कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. ऐकता ऐकता माझे डोळे मिटले, मान खाली गेली.

"हळू वं," कोणीतरी कुजबुजलं. "भाऊजी झोपले."

"झोपले तर झोपू द्या," बायको म्हणाली. "मी सांगून राहिली ना." आणि आवाज जराही कमी न करता ती पुढे सांगत राहिली.

मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून वाट पाहत होतो, ते गाणं कोणतं होतं हे कोणी विचारेल म्हणून. कोणी विचारलं नाही. त्या चौघींना ते माहीत होतं.