दादा पिस्तूल घेतात

दक्षिण गोलार्धात माझ्या बायकोच्या मामेभावाइतका धास्तावलेला माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने पिस्तूल नक्कीच घेतलं नसेल. आम्ही त्यांना दादा म्हणतो. गिरावीन नावाच्या उपनगरात राहतात, ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात आणि घरी आल्यावर उरलेल्या जगातल्या. गॅस बंद आहे ना हे ते तीनदा बघतात, आणि तिसऱ्यांदा बघताना चुकून चालू तर झाला नाही ना, म्हणून चौथ्यांदा. आमच्याकडे बार्बेक्यूला येतात ते आग विझवायची चादर काखेत मारून. एकदा समुद्रावर त्यांनी लाइफगार्डलाच इतक्यांदा ‘यू ओके, मेट?’ विचारलं, की तो बिचारा शेवटी स्वतःची नाडी बघायला लागला.

अशा माणसाला ऑफिसातल्या कुणीतरी नेमबाजीच्या क्लबात नेलं, आणि दादा दर रविवारी जायला लागले. क्लबाचं पिस्तूल वापरायचे आणि गोळ्यांनी भोकं पडलेले निशाणाचे कागद घडी न घालता घरी आणायचे. काही महिन्यांनी त्यांनी जाहीर केलं, ‘‘आता स्वतःचं घ्यायचं. साधं पॉइंट टू-टू, बारीक गोळीचं. स्वस्तातलं.’’ वहिनींच्या हातातला डाव आमटीतच राहिला. ‘‘अहो, तुम्ही फटाक्याला घाबरता!’’ ‘‘फटाका दुसरा लावतो,’’ दादा म्हणाले. ‘‘हे माझ्या हातात असतं.’’

मग एक्सेल शीट आली. वजन, मूठ, सुटे भाग, सेकंडहँड असल्यास आधीच्या मालकाचा स्वभाव! दुकानात मला सोबत नेलं. म्हाताऱ्या दुकानदाराने तीन पिस्तुलं काढून ठेवली. दादांनी विचारलं, पडलं तर? गंजलं तर? मी मन बदललं तर? तो प्रत्येक वेळी ‘‘नो वरीज, मेट’’ म्हणाला. ‘‘ज्याला कसलीच काळजी नाही, त्याच्याकडून पिस्तूल घ्यायचं?’’ दादा माझ्या कानात कुजबुजले. एकेक पिस्तूल ते हात लांब करून बराच वेळ धरायचे, टोकाकडे टक लावून बघायचे आणि खाली ठेवायचे. अशा चार दुकानांतून आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. मला खरंच वैताग आला होता.

पिस्तूल ठेवायला भिंतीत पक्की बसवलेली तिजोरी लागते, आणि ती तपासायला पोलीस येतो. तो आला नेमका दसऱ्याला. शस्त्र अजून नव्हतं, म्हणून दादांनी तिजोरीचीच पूजा केली होती. दारावर पाच बोटं कुंकू आणि प्लास्टिकच्या झेंडूची माळ. लाल ओघळ बघून पोलीस दोन पावलं मागे सरला. ‘‘इज दॅट ब्लड, मेट?’’ दादा पांढरेफटक पडले. वहिनींनी श्रीखंडाची वाटी पुढे केली म्हणून बरं. ‘‘आम्ही फुलं वाहतो, म्हणजे शस्त्र कुणाला दुखवत नाही,’’ एवढं दादा कसंबसं इंग्रजीत म्हणाले. पोलिसाने तिजोरी हलवून बघितली, मग उघडली. आत ते भोकं पडलेले कागद होते, एकावर एक, प्रत्येकावर तारीख.

तो गेल्यावर मी चिडवलं, ‘‘दादा, रद्दीला तिजोरी?’’ दादांनी आधी वहिनी स्वयंपाकघरात गेल्याची खात्री केली. ‘‘बाबांचा हात माझ्याच वयात थरथरायला लागला होता,’’ ते म्हणाले. ‘‘शेवटी चहासुद्धा आईने पाजायचा. क्लबात दर वेळी वेगळं पिस्तूल मिळतं. नेम हुकला तर ते पिस्तुलामुळे की माझ्यामुळे, कळत नाही. स्वतःचं एकच असलं, की कळेल.’’ चार दुकानांत हात लांब करून त्यांनी काय तपासलं होतं, ते मला तेव्हा समजलं, आणि माझ्या वैतागाची मला लाज वाटली.

अखेर त्यांनी एक जुनं, हलकं पिस्तूल घेतलं. परवा मीही क्लबात गेलो होतो. बाहेर कारपार्कमध्ये दादांनी कागद माझ्यापुढे धरला. भोकं मध्याच्या जवळ होती, बरीचशी. ‘‘ठीक आहे ना रे?’’ कागद त्यांच्या बोटांत किंचित फडफडत होता. समोरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं.

‘‘एकदम मस्त,’’ मी म्हणालो. ‘‘वारा आहे आज.’’

दादांनी झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळं तीनतीनदा विचारणाऱ्या त्या माणसाने पुन्हा काही विचारलं नाही.