चेंडू गेल्यानंतरचा हात

डिंभ्याचा सोमनाथ पुण्यात गोल्फ शिकवतो, हे गावात कुणाला सांगून पटत नसे. बाप मेंढरांमागं हिंडला, आजाही हिंडला, आणि हा म्हणे साहेबलोकांना काठी फिरवायला शिकवतो! मैदानावर तो आला कॅडी म्हणून. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता खेळ अंगात कधी उतरला, त्याचं त्यालाही कळलं नाही. कॅडींच्या स्पर्धा जिंकला, मग लोक आपणहून शिकायला येऊ लागले.

काठी चेंडूला लागली की त्याचा उजवा हात डाव्यावरून असा अलगद पालथा होई, की बघणारा चेंडू विसरून हाताकडंच बघत राही. शिकणाऱ्यांना तो सांगे, "नुसतं मनगट मोडू नका. कोपरापासून पुढचा हात वळू द्या. अन् चेंडू गेला म्हणून थांबायचं न्हाई, काठी खांद्यामागं पोचस्तवर अंग सैल सोडायचं." बोलणं एवढंच. बाकी सगळं करून दाखवणं.

भैरवनाथाच्या यात्रेला मोटरसायकलवरून गावी येत होता. घोडेगाव सुटल्यावर कुत्रं आडवं आलं. उजव्या हाताची, कोपर आणि मनगट यांच्यामधली दोन्ही हाडं मोडली. ऑपरेशन झालं, हाडं सांधली. पण सांधताना एकमेकांनाच चिकटली. मूठ आवळता येई, कोपर वाकत असे, तळवा मात्र ना उताणा होई ना पालथा. दुसऱ्यांदा हात उघडून हाडं सोडवली, तर पावसाळा सरायच्या आत ती पुन्हा चिकटली. "आता आहे हे असंच," डॉक्टर म्हणाले.

घास तोंडाशी नेताना हात वळावा लागतो, हे सोमनाथला तेव्हा समजलं. तो डाव्या हातानं चमच्यानं जेवू लागला. एकदा बायकोनं, हिरानं, कालवलेला घास पुढं केला, तर त्यानं ताट सरकवलं. "मी काय तान्हा हाय?" घास तिनं स्वतःच खाल्ला.

प्रतिभाताई त्याच्या जुन्या विद्यार्थिनी, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी फोन केला. "सर, तुम्ही नुसतं तोंडानं सांगा. मी करते." तो पुण्याला मैदानावर गेला. त्यांनी दोन-चार फटके मारले, चेंडू उजवीकडं भरकटले. "हात वळंना झालाय, मॅडम. असा..." म्हणत त्यानं सवयीनं हात पुढं केला, आणि तो तसाच अंगठा वर करून अर्ध्यात थांबला. प्रतिभाताईंनी नजर खाली घातली आणि उगाच काठी पुसू लागल्या. त्यानंतर तो मैदानावर गेला नाही.

उन्हाळ्यात गावालगतच्या धरणाचं पाणी मागं हटलं आणि फुगवट्याची जमीन उघडी पडली. एका सकाळी एक काठी आणि खिसाभर चेंडू घेऊन तो तिकडं गेला. फटका मारला. हात वळलाच नाही. चेंडू उजवीकडं वळत जाऊन लांब पाण्यात पडला. दुसरा तिथंच. तिसराही.

मागं हिरा उभी होती, डोक्यावर धुण्याची पाटी. तिचे डोळे मोठे झाले होते.

"आवं, केवढा लांब गेला!"

त्यानं काठी मातीत टेकवली.

"असंच शिकवायचा का तुमी तिकडं?"

"न्हाई. ह्याच्यापरीस बरं व्हतं."

"मला तर हेच लई भारी वाटलं." तिनं पाटी खाली ठेवली. "इतकी वर्सं पुण्याला व्हता. मला येकदा तरी न्यायचं बघायला."

तिला न्यायचं म्हणून कधी मनातच आलं नव्हतं. ती गावाकडं सासू-सासऱ्यांचं बघायची, तो तिकडं. सुट्टीला यायचा तो झोपायला आणि जेवायला. ज्या हाताकडं परकी माणसं बघत राहायची, तो घरच्या माणसानं कधी पाहिलाच नव्हता. आता दाखवायला तो उरला नव्हता.

सोमनाथ मटकन खाली बसला आणि अपघातानंतर पहिल्यांदाच रडला. हिराला वाटलं हात दुखतोय. ती शेजारी बसून तो हात चोळत राहिली.

काठ्या त्यानं प्रतिभाताईंकडं पाठवून दिल्या. हल्ली तो थोरल्या भावाची मेंढरं राखतो.