उसना दशक

माझा स्वभाव तापट. शाळेत शिक्षिका होते तेव्हा पोरं मला चपलांच्या आवाजावरून ओळखायची. निवृत्त झाल्यावर पोलादपूरजवळच्या कापडे गावी घरच्या ओटीवर शिकवायला लागले, तरी तोंड काही निवृत्त झालं नाही.

पण एका पाचवीतल्या मुलीपुढे मी हात टेकले. बावन्नातून सत्तावीस वजा केले की तिचे पस्तीस उरायचे. रोज! निवासी शाळेची प्रवेश परीक्षा चार दिवसांवर आली, तरी आपले पस्तीसच. पास झाली तर पुढचं शिक्षण, नाहीतर मुंबईला मामाकडे रवानगी, मामीचं तान्हं बाळ सांभाळायला. घरात तसं ठरलंच होतं. मला काळजी लागायची, आणि काळजी लागली की जीभ सुटायची.

"मठ्ठ गो मठ्ठ! दोनातून सात जातात का? पाचाकडून एक दशक उसना घे, कितीदा सांगू?"

"घेतला ना बाई."

"मग पाचाचे चार का नाही केलेस?"

"केलते. मंग परत पाच केले."

"का पण?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "उसना हाय ना तो? काम झालं का परत द्याया नको?"

अगं बाई! आदल्याच आठवड्यात तिच्या आईने माझ्याकडून वाटीभर साखर नेली होती आणि हीच पोर ती परत घेऊन आली होती, शिगोशीग भरून. आमच्याकडे उसनं सपाट वाटीने परत करत नाहीत. इतकी वर्षं तो शब्द मी वर्गात वापरला, पण पोरांच्या घरी त्याचा अर्थ काय होतो, हे कधी मनात आलं नाही. यावरून किती जणांना मठ्ठ म्हटलं असेन, देव जाणे. लाज वाटली मला.

"गणितातलं उसनं परत करायचं नसतं," मी म्हटलं.

"बुडवायचं?"

"बुडवायचं."

तिला ते मुळीच पटलं नाही. पुढचे तीन दिवस कधी पंचवीस यायचे, तर कधी सवयीने पस्तीस, आणि मला धड झोप नाही.

रविवारी एसटीने तिला परीक्षेसाठी महाडला नेलं. ती आत गेली आणि मी फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत राहिले. आता दिला असेल, परत दिला असेल हिने, एवढंच डोक्यात. बाहेर आली ती खाली मान घालून. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, सगळी उसनी बुडवली." चोरी केल्यासारखा चेहरा!

यादी लागेपर्यंत घास गोड लागला नाही. नाव होतं.

तिला शाळेत पोचवायला मीच निघाले. पोलादपूरच्या स्टँडवर तिच्या आईने पिशवी पोरीकडे न देता माझ्या हातात दिली आणि पिशवीवरचा हात लवकर काढेना.

"पोरीनं सांगितलंय मला," ती म्हणाली. "ही पोर गणितातली उसनी नाय हां बाई. ही परत आणून द्यायची."