बंडूची वायर

परतवाड्यात लाइट फिटिंग करणाऱ्या देवानंदनं आईच्या पलंगापाशी बटण बसवलं होतं. ते दाबलं की घरातल्याच वायरिंगमधून संकेत जाऊन न्हाणीघरातला दिवा लागायचा. मग तो लागेनासा झाला. एका संध्याकाळी अंधारात आई पडली, मनगट मोडलं.

"तुह्या कामातच खोट हाय," शेजारी राहणारा धाकटा भाऊ बंडू म्हणाला.

संकेत कशानं अडतो ते शोधायला देवानंदनं घरातलं एकेक विजेचं उपकरण बंद करून पाहिलं. शेवटी त्याच्या लाइनवरून चोरून नेलेली वायर माळ्यावर सापडली. ती बंडूच्या ई-रिक्षाच्या चार्जरला जोडलेली होती. ती काढून बटण दाबताच दिवा लागला. चार्जरच संकेत बिघडवत होता.

"मले लाइन मागतली असती तर मीच जोडून देल्ली असती. आई पडली तवा तरी कावून नाई बोलला?" देवानंदनं बंडूला विचारलं.



आता बंडू रोज आईला भेटायला येतो. तो आला की देवानंद चपला घालून बाहेर पडतो.