रिकाम्या पिशवीतला मोगरा

नव्वद सालानंतर आमच्या बांधाला लागून सायझिंग सुरू झालं. लूमवर चढवायच्या सुताला तिथं खळ लावत. बॉयलरमध्ये लाकडाबरोबर चिंध्या आणि जुने टायरही जाळत. पुढच्याच वर्षी आमच्या मोगऱ्याचा वास उतरला. फुलं तेवढीच यायची, पण धामणकर नाक्यावरचा फुलवाला कळ्या नाकाशी धरून टोपली मागे सरकवायचा. "भाभी, ये तो कपास है. खुशबू घर पे भूल आयी क्या?"

आमचे मालक प्रदूषणवाल्यांच्या कचेरीत गेले. साहेब म्हणाला, वास कमी झाला हे कागदावर दाखवा, मग सायझिंगवाल्याला नोटीस काढू. कागद मिळाला नाही तर मोगरा काढून जमीन गोदामाला द्यायची, हे घरात ठरलेलंच होतं.

मालकांनी ठाण्याच्या कॉलेजातली एक बाई शोधून आणली. झाडांतून निघणारा वास मोजणं हेच तिचं काम. फुललेल्या फांदीवर ती प्लॅस्टिकची पिशवी बांधणार आणि पंपानं आतली हवा एका नळीत ओढणार. शेजारी काठीला एक रिकामी पिशवी. हवेचा आणि प्लॅस्टिकचा वास त्यातून कळतो, तो वजा करायचा.

पिशव्या तिनं आदल्या दिवशीच आमच्याकडे ठेवल्या. धूळ बसू नये म्हणून मालकांनी त्या आतल्या खोलीत नेल्या. तिथंच आम्ही कळ्या पसरायचो.

काही दिवसांनी नळ्या कॉलेजात तपासून बाई आली ती तोंड पाडूनच. रिकाम्या पिशवीत फांदीएवढाच मोगरा निघाला होता. प्लॅस्टिकनं खोलीतला वास ओढून घेतला होता.

"मंग नव्या पिशव्या लावा की," मालक म्हणाले.

लावल्या. उन्हात त्यांना आतून घाम सुटला, पानं शिजल्यासारखी झाली. बांधताना पान चुरगळलं तरी वास वाढायचा. वारा फिरला की आकडा फिरायचा. एका झुडपाचं दुसऱ्याशी जुळेना.

शेवटी ती म्हणाली, "धुरानं वास कमी झाला असं यावरून म्हणता येत नाही. झाला नाही असंही म्हणता येत नाही. सायझिंग येण्याआधी किती होता, ते कुणी मोजलेलंच नाही."

"तवा कोण मोजील बाय? वास येत व्हता ना," मी म्हटलं.

"मग मी खोटं लिहून देऊ का?"

"दे."

"नाही देणार, मावशी."

तिचं बरोबर होतं. आम्हाला त्याचा उपयोग नव्हता.

उन्हाळ्यात मालकांनी झुडपं स्वतःच्या हातांनी उपटली. जळणालाही ती धड नव्हती.

पहिल्या पिशव्या घरातच राहिल्या होत्या. धुऊन मी त्यांत तांदळाचे पापड भरले. पावसाळ्यात ताटात वाढले, तर मालकांनी पापड मोडला, नाकाशी नेला आणि तसाच धरून बसले.

"येतो हाय गं अजून."

"जेवा," मी म्हटलं. उरलेले पापड गुरांना घातले.