गुळाच्या ढेपेचा फेरतपास

आमच्या घराण्यात पहिला बी.ए. मी झालो, आणि पहिली चोरीही त्याच आठवड्यात झाली.

रहिमतपूरजवळचं आमचं गाव. लढाईचे दिवस, साखर रेशनवर. दुपारी धाकट्या बहिणीला, तानीला, बघायला पाहुणे येणार आणि पुरणासाठी ठेवलेली गुळाची ढेप सकाळी गायब! आईने ओसरीवरच्या धुळीतल्या पावलावर पाटी पालथी घातली (पाऊल पुसलं तर माग संपला!) आणि गावचे माग काढणारे धोंडीनाना आले.

नानांनी पाटी उचलली, पाहिलं, परत ठेवली.

"आबा, चोर घरातलाच हाय. फुडचं इचारू नगा."

वडील संतापले. "माज्या घरात चोर?"

इथे गप्प बसलो असतो तर! पण आबांनी घाम गाळून सांगलीला ठेवून शिकवलेलं, त्याचं चीज करायला नको?

"नाना, हे प्रकरण 'रीइन्व्हेस्टिगेट' करा!"

"म्हंजी रं?"

"फेरतपास! 'री' म्हणजे पुन्हा. बाकीचा शब्द लॅटिनमधला. 'वेस्टिजियम' म्हणजे पाऊलखूण. मुळात अर्थ, पावलांचा माग काढणं!"

"आयला! म्हंजी सायबाची बी इद्या आमचीच की!" नाना खूश झाले. मग हळूच म्हणाले, "पर नगं गड्या. एवढ्यावरच भागवू."

"सत्य बाहेर आलंच पाहिजे!" मी गरजलो.

"मर्जी तुजी," म्हणून नाना निघाले. मागे आबा, आई, तानी, निम्मी गल्ली. सर्वांत पुढे मी!

"चोराच्या पायात खिळ्यांचं बूट हायती," नाना म्हणाले.

सगळी गल्ली अनवाणी. माझी चाल जरा मंदावली.

माग गोठ्यात शिरला. "हितं बसलाय. लय येळ. मांडीवर जड कायतरी हुतं."

जड म्हणजे डिक्शनरी! घरात पाहुण्यांची गडबड, म्हणून काल मी पेंडीचं पोतं समजून ओसरीवरचं गाठोडं उचललं होतं आणि त्यावर बसून संध्याकाळपर्यंत शब्द पाठ केले होते! नानांनी गोणपाट उलगडलं. आत ढेप, मधोमध चांगली बसलेली, वर मुंग्या.

"आरं, पाहुण्यांच्या पुरणावर बसलास व्हय रं!" आई किंचाळली.

"आवं, पाहुनं आलं!" तानी ओरडली.

पाहुणे गोठ्याच्या दारातच उभे होते. नानांनी त्यांना सगळं इत्थंभूत सांगितलं, लॅटिनसकट! तानीचं लग्न बुडालं म्हणून मी डोळे मिटले.

थोरल्या पाहुण्यांनी मला टाचेपासून शेंडीपर्यंत न्याहाळलं आणि आबांना विचारलं,

"पोरगी तर एवढी शिकल्याली न्हाई न्हवं?"

"न्हाई, न्हाई! चौथीच," आबा घाईने म्हणाले.

"मग पसंत!"